एवढी बाही होऊ दे

सिस्टर गेल्यावर त्यांची विणकामाची पिशवी त्यांच्या धाकट्या भावाने वाचनालयात आणून दिली, तेव्हा मागच्या खोलीत बायकांचा चहा चालला होता. "तुमच्यातलीच वस्तू आहे, तुम्हीच बघा काय ते," एवढंच बोलून तो निघून गेला. साधी कापडी पिशवी, पट्ट्याला ठिगळ लावलेलं. लोकरीच्या सुयांची टोकं तिच्यातून बाहेर डोकावत होती.

ही मागची खोली खरं तर जुनी वर्तमानपत्रं ठेवायची. दर गुरुवारी दुपारी मात्र ती या बायकांची असायची. कुणी क्रॉस स्टिच घेऊन बसायची, कुणी रुमालावर भरतकाम करायची, बाकीच्यांच्या हातात लोकर. कुणाला त्यातून काही मिळवायचं नव्हतं की प्रदर्शन भरवायचं नव्हतं. हात गुंतला की डोकं मोकळं होतं आणि डोकं मोकळं झालं की तोंड सुटतं, हे तिथलं खरं सुख. मास्तरीणबाई क्रॉस स्टिचच्या फुल्या मोजता मोजता सगळ्या गावाची उणीदुणी काढायच्या, आणि एकही फुली चुकायची नाही.

या खोलीचा एक रिवाज होता. कुणी बाई गेली, किंवा तिचे डोळे गेले, की तिचं अर्धं राहिलेलं काम दुसरीने पूर्ण करायचं आणि गरजूला द्यायचं. अर्धं काम मागे राहू द्यायचं नाही. हे कुणी सुरू केलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण त्यात वाईट काय आहे? असे कितीतरी मफलर, टेबलक्लॉथ आणि उशांचे अभ्रे तिथे दुसऱ्याच हाताने पूर्ण झाले होते.

आपल्या गोष्टीतल्या आजी याच खोलीतल्या. पोस्टात शिक्के मारण्यात त्यांची हयात गेली. तिथे हाताला जो वेग आला, तो निवृत्त झाल्यावर सुयांमध्ये उतरला. विणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बायका त्यांना 'इंजिन' म्हणायच्या. आजी वरवर रागवायच्या, पण मनातून त्यांना ते नाव गोड लागायचं.

सिस्टर बरोबर उलट्या. सगळी नोकरी मुलांच्या वॉर्डात झालेली. हात मुरलेला, टाका असा की नाव ठेवायला जागा नाही, पण काम मुंगीच्या पावलांनी. कित्येक वर्षं त्या एकच निळा स्वेटर विणत होत्या, चार-पाच वर्षांच्या पोराच्या मापाचा. पाठ झालेली, पोट झालेलं, गळा झालेला, एक बाही झालेली. दुसरी बाही कोपराच्या खाली काही सरकायची नाही. आजींनी त्यावरून त्यांची किती थट्टा केली असेल, त्याला गणती नाही.

"अहो सिस्टर, ज्या पोरासाठी घेतलाय ना हा, त्याला आता टक्कल पडलं असेल!"

सगळ्या खो खो हसायच्या. सिस्टरही हसायच्या, मान वर न करता. "घाई नाही हो मला," म्हणायच्या.

आता पिशवीतून तोच स्वेटर निघाला. बाही चार सुयांवर तशीच, गोल विणत आणलेली, आणि खाली लोकरीचा उरलेला गुंडा.

"आयाबाई येईपर्यंत थांबू या का?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्या आणि सिस्टर एकाच वॉर्डात होत्या. त्यांना माहीत असेल कुणाला द्यायचा ते."

आयाबाई परगावी धाकट्या मुलाकडे गेल्या होत्या. कधी परततील याचा नेम नव्हता.

"त्यांची वाट बघत बसलो तर थंडी निघून जाईल," आजी म्हणाल्या. "अर्धी बाही तर राहिलीय. द्या इकडे, एका दुपारचं काम आहे."

त्यांनी स्वेटर उचलला, घडी घातली आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी जेवणाच्या टेबलाशी विणायला बसल्या. घर तिसऱ्या मजल्यावर. लेक नोकरीला जायची, म्हणून नात शाळेतून थेट आजीकडे यायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच असायची. नात सारखी चिवचिवायची, म्हणून तिचं नाव चिमी. आजींचा सगळा दिवस त्या पोरीच्या पायांच्या आवाजाची वाट बघण्यात जायचा. नवरा गेल्यावर घराला जे मुकेपण आलं होतं, ते या पोरीने मोडलं होतं. तिच्यावाचून आपलं काय होईल, हा विचारसुद्धा आजी मनात येऊ द्यायच्या नाहीत.

सुया हातात घेतल्या आणि आजी थबकल्या.

पाठीची आणि पोटाची लोकर गुबगुबीत होती, जशी नवी लोकर असते तशी. त्या अर्ध्या बाहीची लोकर मात्र विरलेली. धागा बारीक झालेला, त्यावर लहान गोळे आलेले, रंग उडालेला. विणणाऱ्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ही लोकर विणून उसवलेली होती, पुन्हा विणून पुन्हा उसवलेली, एकदा नव्हे, शेकडो वेळा. सिस्टर सावकाश विणत नव्हत्या. त्या विणलेलं घरी जाऊन उसवत होत्या.

'कशाला पण?' आजींना कळेना. मग त्यांना वाईट वाटलं. एकटी बाई, ना मूल ना बाळ. संपलं तर पुढे काय करायचं, म्हणून पुरवून पुरवून विणत असेल बिचारी. आणि आपण तिला टक्कल पडल्याचे विनोद ऐकवत होतो!

तिथे त्यांनी थांबायला हवं होतं. पण वाईट वाटलं, म्हणून उलट त्यांनी जास्तच जोर लावला. सिस्टरांचं काम आता आपण नीट पार पाडू, हाच विचार. हात चालू लागला.

दुपारची वेळ होती. बाहेर लख्ख ऊन, खाली रस्ता सामसूम. अशा वेळी घरातल्या घरात लहानसहान आवाज मोठे होतात. नळाचा थेंब, फ्रीजची घरघर, सुयांची टिकटिक. चिमी खोलीभर बागडत होती आणि मध्येच येऊन आजींच्या कोपराला लोंबकळत होती.

"आजी, चल ना खेळायला."

"एवढी ओळ होऊ दे, मग येते."

विणणाऱ्या कुठल्या बाईने हे वाक्य म्हटलं नसेल? घराघरांत पोरं ते ऐकत मोठी झाली. ओळ होते, दुसरी सुरू होते, पोर वाट बघून कंटाळून निघून जातं. चिमीही गेली.

थोड्या वेळाने आजींच्या पायांना गार लागलं. खिडकीतून ऊन येत होतं, टेबल तापलं होतं, पण टेबलाखाली घोट्यांपाशी ओल्या फरशीसारखा गारवा. त्यांनी पाय वर घेतले. मग वास आला. फिनेल, स्पिरिट, आणि त्याच्या खाली उकळून उतू गेलेल्या दुधाचा. शेजारी साफसफाई चालली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

गुंडा जमिनीवर होता. विणताना धागा ओढला की गुंडा एक उडी मारतो, हे ठरलेलंच. पण आजींनी चष्मा पुसायला सुया खाली ठेवल्या, आणि गुंडा उडी मारून टेबलाखाली गेला. धागा ताणला गेला. कुणीतरी पलीकडून हळूच धरून बघावा, तसा. मग सैल सुटला.

"चिमे, लोकरीशी खेळू नकोस गं," आजी खाली न बघता म्हणाल्या.

मनगटाची पट्टी तेवढी राहिली होती. अशा वेळी विणणारीला कशाचंच भान नसतं. कोपराला पुन्हा हात लागला, छोटासा, गार. कुणीतरी हलकेच ओढलं.

"अगं हो, एवढी बाही होऊ दे," आजी म्हणाल्या, "मग येते तुझ्याबरोबर."

"हो," टेबलाखालून कुणीतरी म्हणालं.

आजींनी दोन टाके विणले. मग त्यांच्या लक्षात आलं, की चिमीचं गाणं मघापासून बाल्कनीतून ऐकू येतंय. ती तिथे बाहुलीला न्हाऊ घालत होती. अजूनही घालत होती.

त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं. खाली गुंडा होता. दुसरं काहीच नव्हतं.

'वय झालं,' आजी मनात म्हणाल्या. 'कान वाजायला लागले.' हे एकदाचं संपवून टाकू म्हणून त्यांनी टाके बंद करायला घेतले. शेवटचा टाका बंद केला, धागा कापला, टोक सुईने मनगटाच्या आत गुंफून टाकलं. झालं. स्वेटर पूर्ण झाला, आणि त्याच क्षणी पायांचा गारवा गेला, वास गेला, सगळं जिथल्या तिथे आलं. आजींना हायसं वाटलं. बघा, उगाच घाबरलो.

दोन्ही बाह्या सारख्या आहेत का, हे पोराच्या अंगावर घालूनच कळतं. आजींनी चिमीला हाक मारली.

"ये गं, माप बघू."

चिमी आली, हात वर करून उभी राहिली. स्वेटर अगदी बेतल्यासारखा बसला. बाह्या तंतोतंत. आजी लांबून बघून खूश झाल्या. नव्या बाहीत हात आखडून धरत चिमी म्हणाली, "आजी, ही बाही गार आहे."

"लोकर कधी गार असते का? चल, काढ."

काढताना स्वेटर डोक्यात अडकला. पोरांचा तो नेहमीचाच खेळ. आत चिमी खिदळत होती, आजी वरून ओढत होत्या, "अगं मान सरळ धर, माकडा." दोघींनाही मजा वाटत होती. गळा सुटला, चिमीचं डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले.

चिमी हसत नव्हती. ती गप्प होती आणि आजींच्या हातांकडे बघत होती.

हसणं स्वेटरच्या आतून येत होतं.

आजींनी तो फेकून दिला. स्वेटर खुर्चीवर पडला, हसणं थांबलं. आजी दोन पावलं मागे सरकल्या. चिमी मात्र शांत होती. घाबरायचं कशाला, हेच जणू तिला कळत नव्हतं.

"तो म्हणाला, त्याचा आहे," ती म्हणाली. "पण मला घालू दिला त्याने."

"कोण तो?"

"तो टेबलाखालचा. तू त्याला सांगितलंस ना, येते म्हणून."

तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. त्यांना वाटलं लेक असेल, बरं झालं, तिला लगेच बोलावून घेऊ. त्या धावत गेल्या. फोन आयाबाईंचा होता.

"इंजिनबाई, मी आजच आले मुलाकडून. मास्तरीणबाई म्हणाल्या, सिस्टरांचा स्वेटर तुमच्याकडे आहे. विणायला नाही ना घेतलात?"

"झाला... आत्ताच."



"बाही पूर्ण केलीत?"

"हो. आयाबाई, काय आहे हे?"

आयाबाई हळू आवाजात बोलू लागल्या. शब्द सांडू नयेत अशा बेताने.

"वॉर्डात एक मुलगा होता. त्याला भेटायला कुणीच यायचं नाही. सारखी थंडी वाजायची त्याला. सिस्टरांनी त्याच्यासाठी स्वेटर घेतला, त्याच्या खाटेशी बसून विणायच्या. शेवटच्या दिवशी पोर म्हणायला लागलं, मला एकट्याला जायचं नाही, तू चल माझ्याबरोबर. आता मुलाला काय म्हणणार? सिस्टर म्हणाल्या, येते रे, एवढी बाही होऊ दे, मग येते. तेवढ्यात तो गेला."

"मग?"

"मग काय... तो थांबलाय. बाही व्हायची वाट बघतोय. सिस्टरांना दिसायचा. त्या रोज थोडं विणून दाखवायच्या, म्हणजे त्याला वाटावं होतंय. आणि रोज उसवायच्या. एकदा कंटाळून सगळाच जाळायला काढला, एक कोपरा पेटवलासुद्धा. त्याच दुपारी वॉर्डातली एक मुलगी गेली. चांगली बरी होऊन घरी निघाली होती हो. त्याने तिला नेलं सोबतीला. तेव्हापासून सिस्टरांनी सुया सोडल्या नाहीत. मला सांगून ठेवलं होतं, माझ्या मागे तू धर म्हणून. मला उशीर झाला... इंजिनबाई, घरात लहान मूल नाही ना कुणी?"

आजी मागे वळल्या.

खुर्चीवर स्वेटर नव्हता. चिमी नव्हती. बाहेरचं दार उघडं होतं.

फोन तसाच लोंबकळत सोडून आजी दाराकडे धावल्या. त्यांचे गुडघे एरवी जिना उतरताना कुरकुरायचे, दर पायरीला कठडा धरावा लागायचा. त्या दिवशी त्या कशा उतरल्या, ते त्यांनाच ठाऊक. खालून त्यांना चिमीचा आवाज येत होता, एकेका मजल्याने लांब जाणारा. ती कुणाशी तरी गप्पा मारत होती. तिच्या चपलांचा चटचट आवाज येत होता, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, अनवाणी पायांचा, ओल्या तळव्यांचा.

"चिमे! थांब! थांब गं!"

रस्त्याच्या कडेला त्यांनी तिला गाठलं. उन्हात रस्ता रिकामा होता. चिमीच्या अंगात निळा स्वेटर होता. नव्या बाहीचा हात तिने वर धरला होता. मोठ्या माणसाचा हात धरताना पोरं धरतात तेवढा उंच नाही, आपल्याच उंचीच्या पोराचा धरावा एवढा. तिची बोटं मिटलेली होती. बोटांमध्ये काहीच नव्हतं.

आजींनी तिला कवटाळलं, उचलायला बघितलं. पोर उचलली जाईना. ही पोर त्या रोज काखोटीला मारून फिरायच्या, आणि आता ती जमिनीला खिळली होती. तो एक हात सरळ ताणला गेला होता, रस्त्याच्या पलीकडे, आणि कापत होता.

"चिमे, घरी चल."

"तू येणार होतीस," चिमी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "पण तो म्हणतो, तू म्हातारी आहेस, तुला चालवणार नाही लांब. म्हणून मीच जाते."

आजींना रडू फुटलं. देवाचा धावा करावा, तेही सुचेना. सुचलं ते एकच, जे हाताला येत होतं. त्या गुडघ्यांवर बसल्या, तिचं मनगट धरलं आणि बाहीच्या पट्टीत मघाशी गुंफलेलं टोक शोधायला लागल्या. आपल्याच हाताने इतकं बेमालूम लपवलेलं, की सापडेना. कधी नव्हे ते त्यांना आपल्या सफाईचा राग आला. शेवटी नखाला लागलं. त्यांनी ते दाताने उपसलं, बंद केलेला टाका मोकळा केला, आणि ओढला.

धागा सुटला. एक फेरा, दुसरा फेरा, तिसरा. मनगट उघडं पडलं. तिथलं कातडं निळसर झालं होतं. आजी ओढत राहिल्या. लोकर त्यांच्या मांडीवर, रस्त्यावर, पायांत गोळा होत होती. मध्येच धागा अडला. गाठ नव्हती कुठे. त्याचं दुसरं टोक कुणीतरी घट्ट धरलं होतं. आजींनी मूठ आवळली आणि सगळा जीव एकवटून ओढलं. धागा त्यांच्या बोटात रुतला, रक्त आलं, पण त्यांनी सोडला नाही.

"नाही झाली रे बाही," त्या रडत रडत म्हणाल्या. कुणाकडे बघून म्हणावं ते कळत नव्हतं, म्हणून समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाल्या. "बघ, नाही झाली अजून. चुकलं माझं. व्हायचीय अजून. तू थांब थोडा. मी विणते हं, बघ, मी रोज विणते."

धागा सैल झाला.

कोपरापर्यंत बाही उसवली गेली, तेव्हा चिमीचा हात खाली आला. ती आजींच्या अंगावर कोसळली आणि मोठ्याने रडायला लागली. रोजच्यासारखं, भूक लागल्यावर रडते तसं. आजींच्या आयुष्यात त्याहून गोड आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

लेक घरी आली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच. आई विस्कटलेली, बोटाला चिंधी, पोरीच्या हातावर काळानिळा वळ, घरभर लोकर. आजींनी खरं सांगायचा प्रयत्न केला. लेकीने ऐकून घेतलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून आजींना कळलं की सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

"आई, तू थकलीयस," ती म्हणाली. "तुझ्यावर फार भार टाकला मी."

"अगं तसं नाही..."

"चिमीला पाळणाघरात ठेवते मी. तू जरा आराम कर."

आजींनी वाद घातला नाही. खरं म्हणजे त्यांनीच ते सुचवलं असतं. पोर या घरापासून जेवढी लांब तेवढी बरी. पण लेक तिला उचलून जिना उतरत होती, आणि चिमी मागे वळून हात हलवत होती, तेव्हा त्या चाहूल संपेपर्यंत कठड्याशी उभ्या होत्या. ज्या पावलांच्या आवाजावर त्या जगत होत्या, तो आवाज त्यांनी स्वतःच्या हाताने घालवला होता, आणि तोही चांगलं करायला गेल्या म्हणून.

तेव्हापासून आजी रोज दुपारी टेबलाशी बसतात आणि बाही विणतात. पायांना गार लागतं. धागा मधूनच ताणला जातो. त्या काही बोलत नाहीत, फक्त सुया चालवतात, म्हणजे त्याला दिसावं की होतंय. संध्याकाळ झाली की तो कुठे जातो कोण जाणे, पण गारवा जातो. मग त्या दिवसभराचं उसवतात आणि झोपायला जातात. आयाबाई म्हणाल्या होत्या, आपण आळीपाळीने घेऊ. आजींनी दिला नाही. आयाबाईंच्या घरी तीन नातवंडं आहेत.

गुरुवारी त्या स्वेटर घेऊन वाचनालयात जातात. बायकांना नवल वाटतं. "इंजिनाला झालं काय? मालगाडी झाली की!" मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. आजीही हसल्या, मान वर न करता.

एवढ्यावर निभावलं असतं. माणसाला कशाचीही सवय होते.

पण मध्यंतरी एका सकाळी आजींनी स्वेटर हातात घेतला आणि त्यांना बाही थोडी लांब वाटली. आदल्या संध्याकाळी त्यांनी कोपरापर्यंत उसवली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. आता खाली दोन ओळी जास्त होत्या. त्यांनी खिडकीशी नेऊन बघितलं. टाके सैल, वेडेवाकडे. एक गळलेला, एक दुहेरी पडलेला. पहिल्यांदाच सुया हातात धरणारं पोर विणतं, तसे. चिमी या घरात कितीतरी दिवसांत आली नव्हती, आणि तिला विणता येत नव्हतं.

आजींनी त्या ओळी उसवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा होत्या, दोनाच्या चार झालेल्या. त्यांनी स्वेटर कपाटात कुलपात ठेवला, सुया वेगळ्या लपवल्या. पहाटे जाग आली तेव्हा बंद कपाटातून सुयांची टिकटिक येत होती. हळू, थांबत थांबत. मध्ये चुकलं की थांबायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

आता उसवायला रोज जास्त वेळ लागतो. कधी कधी दुपार होते. आजींचे डोळे दुखतात, बोटं सुजलीत, आणि आपण आजारी पडलो, एक दिवस जरी उठता आलं नाही, तर काय होईल, हा विचार त्या डोक्यात येऊ देत नाहीत. काल लेकीचा फोन आला होता. चिमीला आजीची फार आठवण येते, म्हणाली, रविवारी घेऊन येते. आजी नको नको म्हणत राहिल्या. लेकीला वाटलं, आई रुसलीय.

आज सकाळी आजींनी कपाट उघडलं. बाही मनगटाला टेकली होती. त्या उन्हात बसून एकेक ओळ तपासत गेल्या, वरपासून खालपर्यंत. एकही टाका गळलेला नव्हता.